आमचा संघ हरतो तेव्हा

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. नाताळचा दुसरा दिवस. पुण्यात बालेवाडीला प्रो कबड्डीचा बाद फेरीचा सामना चालला होता आणि मी भिवंडीत, माझ्या घरी, टीव्हीसमोर पाट मांडल्यासारखा बसलो होतो. एका बाजूला यू मुंबा, म्हणजे आमचा संघ. दुसऱ्या बाजूला पाटणा पायरेट्स. थंडीचे दिवस असूनही माझ्या तळहाताला घाम सुटला होता. मागच्या गल्लीतले माग नेहमीसारखे खडखडत होते. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला तो आवाज ऐकू येत नाही. वीज जाऊन तो थांबला की मात्र दचकायला होतं. सामना संपला. पाटणा ३१, यू मुंबा २३. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "हरले का?"

पूर्वी ती "जिंकले का?" असं विचारायची. हा बदल कधी झाला ते माझ्या लक्षातही आलं नाही.

सोफ्यावर आडवा पडलेला माझा नातू, मुलीचा मुलगा, वय वर्षं पंधरा, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आजोबा, तुम्ही टीम बदला ना. हरियाणा घ्या. यंदा तेच जिंकणार."

'घ्या' म्हणाला. मंडईत उभं राहून 'ती मेथी नको, हा पालक घ्या' म्हणावं तसं. आणि पोरगं खोटं बोललं नव्हतं. तीनच दिवसांनी हरियाणा स्टीलर्सनं अंतिम सामन्यात त्याच पाटण्याला हरवून करंडक नेला.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. खातं कसं उघडतात, कसं बंद करतात, बुडीत कर्ज कुठल्या रकान्यात टाकतात, हे सारं मला ठाऊक. दहा वर्षं पैसे, वेळ आणि रक्तदाब घालून ज्या खात्यात व्याज म्हणून काही जमा होत नाही, ते खातं बंद करावं हा सल्ला मी कितीतरी ग्राहकांना दिला असेल. तरीही नातवाला मी उत्तर देऊ शकलो नाही. "तुला नाही कळायचं" असं काहीतरी पुटपुटलो आणि जेवायला उठलो. नंतर मात्र मनात येत राहिलं, की आपल्याला तरी कळलंय का?

मुळात भिवंडीला स्वतःचा व्यावसायिक संघ नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सात लाखांच्या वर भरली होती. सात लाख माणसं, लाखो माग, आणि अर्ध्या देशाच्या अंगावरचं कापड विणणारं हे गाव. पण गावाचं नाव छातीवर लावून मैदानात उतरणारा, टीव्हीवर दिसणारा एकही संघ नाही. खेळाच्या बाबतीत आम्ही कशेळीची खाडी ओलांडून मुंबईचे होतो. मुंबई आम्हाला आपली मानते की नाही हा प्रश्न वेगळा. लग्नाच्या पत्रिकेत लांबच्या मामाचं नाव आपण घालतो, मामाला पत्ता नसला तरी.

त्यातही भिवंडी म्हणजे एक गाव नव्हे, अनेक गावांची खाणावळ आहे. आमच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर कबड्डीच्या मोसमात बसून पाहा. पद्मानगरातला तेलुगू पद्मशाली तेलुगू टायटन्सचा. आझमगड-मऊकडून आलेल्या विणकरांची पोरं यूपी योद्धाची. सायझिंगमध्ये काम करणारा दरभंग्याचा तरुण पाटण्याचा. आम्ही मराठी माणसं, आगरी असो की ब्राह्मण की कोकणी मुसलमान, बहुतेक यू मुंबाचे; एखादा फितूर पुणेरी पलटणचा. म्हणजे भिवंडीत कुठलाही संघ जिंकला तरी कुठल्या ना कुठल्या गल्लीत घरचाच संघ जिंकतो. त्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर गेलो, तर तो दरभंग्याचा पोरगा मला बघून हसला आणि टपरीवाल्याला म्हणाला, "चाचा की चाय आज हमारी तरफ़ से." हरल्यावर मिळालेला तो चहा मी निमूटपणे प्यायलो. गोड होता, हे कबूल केलं पाहिजे.

आमच्या गावाला संघ का नाही, याचं उत्तर आमच्या कापडातच आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले बहुतेक पुन्हा कधी त्या दारातून आत गेलेच नाहीत. मी तेव्हा नुकताच क्लार्क म्हणून बँकेत लागलो होतो. गिरण्या थंडावल्या तशी भिवंडीत मागांची शेडं वाढत गेली, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलं. आमच्याकडे हुंड्या वटवायला येणाऱ्यांची रांग वाढली, नव्या मागांसाठी कर्जाचे अर्ज वाढले. लालबाग-परळचं कापड भिवंडीला आलं.

पण गिरणीबरोबर जे होतं ते सगळं आलं नाही. गिरणीला हजेरीपट होता, कॅन्टीन होतं, प्रॉव्हिडंट फंड होता, आणि गिरणीचा कबड्डीचा संघ होता. गिरणगावातल्या चाळींच्या मधल्या मैदानांवर मंडळांचे संघ आणि गिरण्यांचे संघ एकमेकांना भिडायचे. चांगला खेळणाऱ्या पोराला गिरणीत चिकटवून घ्यायचे. आमच्याकडे एका शेडमध्ये बारा माग, चोवीस माग. बारा तासांची पाळी. मजुरी विणलेल्या मीटरवर. तिथं हजेरीपट नाही, तर संघ कुठून येणार? कापड भिवंडीला आलं, संघ आला नाही. हे वाक्य मी माझ्या एका कादंबरीत घालणार होतो; ती कादंबरी झाली नाही, म्हणून इथं लिहितो.

गिरण्या गेल्यावर कबड्डीला काही काळ हात दिला तो आमच्यासारख्या नोकरदारांच्या संस्थांनी. बँका, रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, महिंद्र, तेल कंपन्या. स्पर्धांमध्ये 'व्यावसायिक गट' म्हणून या संघांचा वेगळा गट असे. देना बँकेचा संघ तर मोठमोठ्यांना पाणी पाजायचा. आज देना बँकच नाही. १ एप्रिल २०१९ ला ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली. फुटबॉलमध्ये महिंद्र युनायटेडचं तेच. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, आणि २०१० मध्ये मालकांनी तो गुंडाळला. मुंबई एफसी नावाचा दुसरा संघ २००७ मध्ये उभा राहिला, दहा वर्षं तळाच्या आसपास झगडला आणि २०१७ ला खालच्या श्रेणीत घसरल्यावर दिसेनासा झाला. त्याचे शेवटचे चाहते कूपरेजवर पावसात भिजत उभे असायचे असं मला एक भाचा सांगतो. त्यांचा संघ हरला नाही, संपला. हरणाऱ्या संघाच्या माणसाला निदान पुढचा मोसम असतो.

हरण्याची पहिली मोठी जखम मला झाली ती मे १९९१ मध्ये. रणजी करंडकाचा अंतिम सामना, वानखेडे, मुंबई विरुद्ध हरियाणा. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या. मी शाखेत होतो. कामाचा दिवस. ग्राहक कमी आणि फोन जास्त, अशी अवस्था. दर अर्ध्या तासानं कुणीतरी मुंबईच्या ऑफिसात फोन लावायचा आणि धावा विचारायचा. सचिन ९६ वर गेला तेव्हा हेडकॅशिअरनं नोटांची थप्पी मोजायची सोडून दिली आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. वेंगसरकर एक बाजू लावून उभा. शेवटची जोडी. मग फोन आला. मुंबई सर्व बाद ३५२. वेंगसरकर नाबाद १३९. दोन धावा कमी पडल्या.

फोन घेणारा आमचा क्लार्क रिसीव्हर ठेवून वळला आणि एकच शब्द बोलला, "हरलो."

तो शब्द माझ्या कानात इतकी वर्षं का राहिला, हे मला परवापरवापर्यंत कळलं नव्हतं. तो 'मुंबई हरली' म्हणाला नाही. 'हरले' म्हणाला नाही. 'हरलो' म्हणाला. वानखेडेपासून इतक्या लांब, कुबट रेकॉर्डरूमच्या दारात उभा असलेला, आयुष्यात कधी सीझनच्या चेंडूला बॅट न लावलेला माणूस हरला होता. आणि त्याच्याबरोबर आम्ही सगळे.

आपली भाषा मोठी चतुर आहे. कर्ता न सांगताही क्रियापद बोलून जातं. तुम्ही स्वतःच्या घरात कान देऊन ऐका. आपला संघ जिंकला की पोरं ओरडतात, "जिंकलो!" आणि हरला की म्हणतात, "हरले." विजयात आपण असतो, पराभवात ते. ही काही मराठी माणसाचीच लबाडी नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९७६ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला तर विद्यार्थी 'आपण' जास्त म्हणतात आणि हरला की कमी म्हणतात, असं त्यांना दिसलं. जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारेही वाढतात. आमच्या नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, "हे शोधायला प्रोफेसर कशाला लागतो?"

आता यू मुंबाविषयी. २०१४ च्या २६ जुलैला प्रो कबड्डी सुरू झाली आणि पहिला सामना मुंबईतच, वरळीला झाला. ज्या हुतूतूला आमच्या लहानपणी शाळेच्या मागच्या ढेकळांत गुडघे फोडून घेण्याचा खेळ म्हणत, तो निळ्या-नारिंगी दिव्यांत, गादीसारख्या मॅटवर, नटनट्यांच्या साक्षीनं चालला होता. मी पहिल्या दिवसापासून त्यात सापडलो. कर्णधार अनुपकुमार हरियाणाचा. पण त्याचं ते थंड डोक्यानं चढाई करणं, पंचांशी हसून बोलणं, मला फार आवडे. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत जयपूरकडून हार. दुसऱ्या वर्षी, २३ ऑगस्ट २०१५, रविवार, अंतिम सामना वरळीलाच. मी सहा वर्षांच्या नातवाला खांद्यावर घेऊन एसटीनं ठाणे, ठाण्याहून लोकलनं दादर, तिथून महालक्ष्मी असा गेलो. बंगळूरु बुल्सला ३६-३० असं हरवलं. परतीच्या गाडीत पोरगं माझ्या मांडीवर झोपलं आणि झोपेतच 'ले पंगा' म्हणालं. घरी पोहोचायला मध्यरात्र उलटली. दारातच मी ओरडलो, "जिंकलो!" सगळी गल्ली जागी झाली. मागांच्या आवाजातही.

तिसऱ्या मोसमात, मार्च २०१६ मध्ये, पाटण्याकडून अंतिम फेरीत तीन गुणांनी हार. ओळीनं तीन अंतिम फेऱ्या. तेव्हा वाटलं होतं, हे असंच चालायचं. पण त्यानंतर २०२५ पर्यंत यू मुंबा अंतिम फेरीत पोहोचला नाही.

हरण्याचं मला तितकं दुःख नाही. तक्रार दुसरी आहे. २०१८ च्या मोसमात चंदगड तालुक्यातला एक पोरगा आमच्याकडून खेळला, सिद्धार्थ देसाई. त्याला संघानं छत्तीस लाखांच्या आसपास घेतलं होतं. त्यानं एका मोसमात चढाईचे २१८ गुण मिळवले. सहा फुटांचा, मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालावा तसा बचावात घुसायचा आणि तीन जणांना अंगावर घेऊन रेषेला टेकायचा. कोल्हापूरचा गडी मुंबईकडून खेळतोय, म्हटलं आता आपलं माणूस सापडलं. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. पद्मानगरातल्या माझ्या जुन्या खातेदारानं पेढा आणून दिला. अनुपकुमारही तोवर जयपूरला गेला होता. पुढे निवृत्त झाला आणि २०१९ ला प्रशिक्षक कुणाचा झाला? पुण्याचा! ज्या पुणेरी पलटणला पहिले दोन मोसम तळ सोडता आला नव्हता, आम्ही ज्यांची टिंगल करायचो, त्यांनी मार्च २०२४ मध्ये करंडक उचलला. त्यांचा कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला पोरगा. टाळ्या वाजवल्या, पण दात-ओठ खाऊन.

आणि घरचं मैदान? जानेवारी २०२४ मध्ये वरळीला सामने झाले. त्यानंतरचा मोसम हैदराबाद, नोएडा आणि पुणे अशा तीन गावांत. २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. नाव मुंबईचं आणि मुंबईत एक सामना नाही. घरच्या पाटीवर नाव आहे, पण घरमालक फिरतीवर, अशी गत. बँकेत असताना अशा पत्त्यावर आम्ही कर्ज देत नसू.

क्रिकेटच्या मुंबई इंडियन्सकडे वळावं, तर तिथंही फार सुख नाही. पाच करंडक आहेत, मान्य. पण २०१३ पासून २०२५ पर्यंत प्रत्येक मोसमात हा संघ पहिला सामना हरला. 'पहिली मॅच देवाला' ही म्हण आता घराघरात आहे. २०२२ मध्ये मात्र देवाला पहिल्या आठ गेल्या. देवही म्हणाला असेल, पुरे. त्या वर्षी शेवटचा नंबर, २०२४ ला पुन्हा शेवटचा. त्या मोसमाआधी रोहितकडून कर्णधारपद काढून हार्दिक पांड्याला दिलं, तर वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो केली. मी टीव्हीवर ते ऐकत होतो आणि अंगावर काटा आला. कोण जिंकावं असं वाटत होतं त्या लोकांना?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं एक गाव आहे. वस्ती लाखभर. म्हणजे भिवंडीच्या सातव्या हिश्शाएवढी. तिथं पॅकर्स नावाचा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ आहे आणि तो १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. लाखो माणसांकडे त्याचे शेअर आहेत. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, त्याची किंमत वाढत नाही. बँकवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर असा कागद तारण म्हणून कुणी घेणार नाही. तरी लोक तो विकत घेतात आणि भिंतीवर फ्रेम करून लावतात. पण संघ गाव सोडून जात नाही. एवढं वाचल्यावर मला हेवा वाटला. मग मनात आलं, आपल्या हातातही एकदा एक संघ होता. त्याचं आपण काय केलं?

ही गोष्ट मी आजवर लिहिलेली नाही.

१९९५ चा मार्च. मी तेव्हा शाखेत अधिकारी झालो होतो. आमच्या बँकेचा कबड्डी संघ होता, आणि त्यातला डावा कोपरा आमच्याच शाखेत बचत खात्याच्या काउंटरवर बसायचा. भिवंडी तालुक्यातल्या एका आगरी गावातला. खेळाच्या जोरावर नोकरीला लागलेला. बोटं अशी, की टोकन हातात धरलं तर दिसायचं नाही. सकाळी पाचला उठून गावात सराव, मग सायकलनं बँक, संध्याकाळी मुंबईला पुन्हा सराव. मी त्याचा मोठा चाहता. त्याचा खेळ पाहायला सुट्टीच्या दिवशी परळ-नायगावला जायचो, त्यानं घोटा धरला की लेकरासारखा उड्या मारायचो.

त्या वर्षी आमचा संघ एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. व्यावसायिक गट. सामना ३० मार्चला संध्याकाळी सहाला, मुंबईत. आणि ३१ मार्चला आमचं वार्षिक क्लोजिंग. ज्यांनी बँकेत नोकरी केली आहे त्यांना हे वाक्य पुरेसं आहे. इतरांसाठी सांगतो: तेव्हा आमच्या शाखेत कॉम्प्युटर नव्हता. हजारो खात्यांची शिल्लक हातानं बेरजून जनरल लेजरशी जुळवावी लागे. एका रुपयाचा फरक असला तरी घरी जाणं नाही. त्याच्या लेजरमध्ये २७० रुपयांचा फरक येत होता. दुपारी दोनला तो माझ्या टेबलाशी आला. "साहेब, मी निघू? उद्या सकाळी सातला येऊन फरक काढतो."

मी अर्जाकडे पाहिलं, लेजरकडे पाहिलं. मॅनेजर त्या दिवशी मुंबईला मीटिंगला. निर्णय माझा. मी म्हणालो, "फरक सापडला की जा."

२७० ला नवानं भाग जातो. म्हणजे आकडे उलटे लिहिलेत, हे कुठलाही जुना बँकवाला सांगेल. आम्ही दोघं शोधायला बसलो. संध्याकाळी साडेसातला सापडला. ५२० च्या जागी २५० लिहिलं होतं. ज्यानं लिहिलं होतं तो आजारपणाच्या रजेवर होता. तोवर मुंबईत सामना संपलेला. चार गुणांनी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो काउंटरवर हजर. माझ्याकडे बघून म्हणाला, "हरलो, साहेब."

आणि मी काय विचारलं? "किती गुणांनी हरलात?"

हरलात! तो 'हरलो'मध्ये मला घेत होता आणि मी एका अक्षरानं बाहेर पडलो. संघ जिंकला असता तर मी साऱ्या शाखेत "जिंकलो" म्हणत पेढे वाटले असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पुढे काही वर्षांत बँकेनं खेळाडू घेणं बंद केलं. असलेल्यांची वयं झाली, काहींना प्रमोशनं मिळाली, संघ आपोआप विरला. शेवटचा सामना कुठला होता हेही कुणाला सांगता येणार नाही.

गेल्या तीस वर्षांत मी कितीतरी संघमालकांना शिव्या घातल्या. खेळाडू विकले म्हणून, कर्णधार बदलला म्हणून, मैदान हलवलं म्हणून. त्यांच्यापुढेही एखादं लेजर असेल आणि त्यातही काही फरक येत असेल, हे मनात यायचं, पण मी ते बाजूला सारायचो. कारण तो विचार केला की मार्च १९९५ ची ती दुपार समोर उभी राहायची.

त्या डिसेंबरातल्या पराभवानंतर महिनाभरानं, २०२५ च्या जानेवारीत, मी नातवाला घेऊन त्या आगरी गावात रात्रीचे कबड्डीचे सामने बघायला गेलो. खाली माती, भोवती बांबूचे कठडे, वर हॅलोजन. थंडीत पोरांच्या अंगातून वाफा निघत होत्या. लाउडस्पीकरवरचा निवेदक चढाई करणाऱ्याच्या बापाचं, आजोबाचं, प्रसंगी म्हशीचं सुद्धा नाव घेत होता. गावातले यजमान तरुण शेजारच्या गावाकडून लोण खाऊन बसले होते. कठड्याला टेकून एक म्हातारा पोरांना ओरडून सांगत होता, "पाय नको बघू, कंबर बघ त्याची!" बोटांवरून मी ओळखलं.

तो दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालेला. गुडघ्याला पट्टा. गावातल्या पोरांना रोज संध्याकाळी शिकवतो. चहा मागवला. इकडचं-तिकडचं बोलून झालं. मग मी म्हणालो, "अरे, त्या क्लोजिंगच्या दिवशी मी तुला सोडायला हवं होतं."

तो बघत राहिला. बहुधा त्याला आठवायला वेळ लागला, किंवा त्यानं तसं दाखवलं. मग हसला. "सायेब, काय घेऊन बसलाव! मी असतो तरी आपून हरलोच असतो. त्यांचा चढाईवाला काय पोरगा होता, माहीत हाय का? माझ्या बापाच्यानं पण नसता धरवला."

खरं असेल का ते? मला सांगता येत नाही. आगरी माणूस पाहुण्याला उपाशी पाठवत नाही आणि अपराध्याला ओझं घेऊन जाऊ देत नाही. पण त्यानं 'आपून' म्हटलं. तीस वर्षांनी त्यानं मला पुन्हा त्या संघात घेतलं, आणि तेही हरलेल्या.

समोर यजमान गाव हरलं. सतरा गुणांनी. पोरं मातीनं माखलेली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत आमच्याजवळून गेली. कुणी कुणाला बदला म्हणालं नाही. परतताना स्कूटरवर नातू मागून म्हणाला, "आजोबा, तुम्ही त्यांना तेव्हा का नाही सोडलं?" मी म्हटलं, "फरक येत होता." तो म्हणाला, "कितीचा?" मी सांगितलं. पुढे घरापर्यंत कुणी बोललं नाही.

२०२५ च्या ऑगस्टच्या अखेरीस नवा मोसम सुरू झाला. पुन्हा सोफा, पुन्हा मी, मागच्या गल्लीत माग. टीम बदलण्याचा विषय नातवानं काढला नाही, मीही नाही. मोबाइल बाजूला ठेवून तो बसायचा. आमच्या बचावातला कोपरा सुटला की माझ्या आधी त्याच्याच तोंडून 'कंबर बघ ना!' निघायचं. त्या वर्षी करंडक दिल्लीनं नेला. आमच्या वाट्याला नेहमीचंच. असाच एक सामना संपला आणि स्वयंपाकघरातून सवयीचा प्रश्न आला, "हरले का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधी सोफ्यावरून आवाज आला.

"हरलो, आजी."